झोपलायस का?

आज पहाटे माझं स्वप्न गेलं. म्हणजे आयुष्यात मोठं कोणीतरी व्हायचं वगैरे तसलं नाही, ते केव्हाच गेलंय, हे साधं झोपेतलं. पण त्याच्यामागे तीन आठवडे घातले होते हो.

ल्युसिड ड्रीमिंग. स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की हे स्वप्न आहे, मग म्हणे उडता पण येतं. हे नाव १९१३ साली फ्रेडरिक व्हान एडन नावाच्या एका डच मानसोपचारतज्ज्ञाने रुळवलं, आणि माझ्या डोक्यात तो किडा आत्ता घुसला. त्यासाठी दिवसभर मधूनमधून बोटं मोजायची, नाक दाबून श्वास येतो का बघायचा, कारण स्वप्नात दाबलेल्या नाकानेही श्वास येतो, आणि जागेपणी लागलेली सवय कधीतरी स्वप्नात उतरते. ऑफिसात मी इतक्या वेळा नाक दाबलं की शेजारच्या मॅडमनी जागाच बदलून घेतली. आणि फळ काय? दुसऱ्या आठवड्यात स्वप्नात खरंच बोटं मोजली, एका हाताला सात भरली, आणि मी म्हटलं हां, बरोबर आहेत, आणि पुढच्या कामाला लागलो.

शेवटी अलार्म लावायला लागलो. पाच तास झोपायचं, उठायचं, थोडं जागं राहून परत आडवं व्हायचं, कारण स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. आज जमलं! एक जिना होता, कठडा हाताला मऊ लागत होता, संशय आला, नाक दाबलं आणि श्वास आला की! पाय उचलले, वीतभर वर गेलो, आणि त्या आनंदातच जाग आली. नवशिक्यांचं असंच होतं म्हणे. असो, त्यावरही इलाज आहे. डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही, तसंच पडून शेवटाकडून मागे मागे आठवत जायचं. स्वप्नांच्या झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन जवळजवळ बंद असतं, त्यामुळे आठवण नीट बसतच नाही, बाथरूमच्या वाफाळलेल्या आरशावर बोटाने लिहावं तशी असते. हललात की पुसली.

तर मी पडलोय. जिना. जिन्यावर एक बाई. तिच्या हातात काहीतरी...

"अरे, झोपलायस का?"

काका. चार दिवस राहायला आलेत, शेजारच्या गादीवर.

मी गप्प.

"झोपला असशील तर राहू दे."

गप्प. हातात काहीतरी हिरवं होतं.

"नाही, श्वासावरून जागा वाटलास म्हणून विचारलं."

मग मी झोपेतल्यासारखा श्वास घ्यायला लागलो. आता मला सांगा, माणसाने स्वप्न वाचवायचं की सोंग वठवायचं?

"झोपलेला माणूस असा श्वास घेत नाही. तुझा बाप शाळा बुडवायची असली की अस्साच घ्यायचा."

"काय हवंय काका?"

"मला? काही नाही. झोपलास का तेवढंच. झोप तू."

उशाची वही चाचपडत अंधारात लिहिलं. सकाळी बघतो तर "जिना मऊ बाई हि". हि. हिरवं काय होतं ते आता मी मेलो तरी कळणार नाही. आणि राग कशाचा येतो सांगू, झोपलेल्या माणसाला झोपलास का विचारणाऱ्यांची ही जात वाईट नसते, प्रेमळ असते, म्हणून त्यांना काही बोलता पण येत नाही. नुसतं आतल्या आत धुमसायचं.

२०२१ च्या एका संशोधनात झोपलेल्या माणसाला स्वप्नातच विचारलं, आठातून सहा गेले किती, आणि त्याने डोळे डावी-उजवीकडे दोनदा फिरवून उत्तर दिलं. बाकी अंग त्या झोपेत लुळं असतं, डोळे तेवढे हलतात. तिकडे माणसं झोपेत वजाबाकी करतायत आणि इकडे मला जागेपणी एक शब्द पुरा करता येत नाही.

हे सगळं सकाळी काकांना जरा चिडूनच सांगितलं. तर म्हणाले, "हात्तिच्या, मला लहानपणापासून कळतं की. परवाच कुठल्यातरी रांगेत उभा होतो, पुढे छत्तीस माणसं, मी मोजली. मग लक्षात आलं, हे स्वप्न आहे."

"मग?" माझा जीव कानात आलेला. "उडालात?"

"उडतोय कशाला? म्हटलं, स्वप्न आहे म्हणजे आपण झोपलोय. बरं झालं. तिथेच बाकावर आडवा झालो."

नंतर त्या रांगेतल्या माणसांची वर्णनं सुरू झाली. एकेकाची. अकराव्या माणसाच्या शर्टाला बटण नव्हतं. वही नाही, अलार्म नाही, नाक दाबणं नाही, आणि या माणसाला बटणं आठवतात!

उठताना पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज अलार्म लावू नकोस. मी असतोच जागा, मीच विचारत जाईन अधूनमधून."