आराखडा आधी, माणसं नंतर

पुन्हा तेच! नदीचा पुढच्या २० वर्षांचा आराखडा छापून तयार, आणि मग लोकांना बोलावणं, "सूचना असतील तर सांगा." आता काय सांगायचं? नकाशात उपनदी म्हणजे नुसती निळी रेघ. परवा एका म्हाताऱ्या मच्छीमारानं तिच्यावर बोट ठेवलं, "पुराचं पाणी इथवर चढतं, मासे इथं अंडी घालतात." कुणी टिपूनसुद्धा घेतलं नाही! अंगाची लाहीलाही झाली. पाण्याच्या नियोजनात लोकसहभाग हवा, हे १९९२ च्या डब्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय जल-परिषदेतच ठरलंय. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जल-निर्देशात (पाण्याबद्दलच्या कायद्यात) आराखड्याच्या मसुद्यावर लेखी मत द्यायला किमान ६ महिने आहेत. आम्हाला दोन तास, त्यातले दीड भाषणांत गेले. ओढे, विहिरी, पाण्याचा रंग रोज बघणाऱ्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा ना, कागद कोरा असताना!