साहेबांना मी स्टेशनरी म्हणालो

संगणकावर इंग्रजी शब्द चुकला की त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते. त्या रेघेच्या भरवशावर मी आजवर नोकरी केली. रेघ आली की यंत्र सुचवेल तो पहिला शब्द मुकाट्याने घ्यायचा, रेघ नसेल तर इंग्रजी बरोबर, एवढंच माझं व्याकरण. साहेब निवृत्त होणार म्हणून विभागातर्फे निरोपाचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी ते एका बैठकीत उरकलं. पानभर मजकूर आणि लाल रेघ औषधालाही नाही. पत्र छापलं, चौकटीत बसवलं, समारंभात साहेबांच्या हाती दिलं. टाळ्याही झाल्या.

घरी आल्यावर त्याची प्रत मुलीने वाचली.

"बाबा, साहेबांना पाकिटं आणि टाचण्या का म्हटलंय?"

मला म्हणायचं होतं की, कठीण काळातही साहेब अविचल राहिले. अविचलसाठी मला 'स्टेशनरी' सुचला. आता हा शब्द कानाला एक असला तरी कागदावर दोन आहेत. शेपटाजवळ 'ए' असेल तर एका जागी थांबलेला, 'ई' असेल तर कागद, पाकिटं वगैरे. मी 'ई' घातला होता. "आणि 'ए' घातला असता ना," मुलगी म्हणाली, "तरी तो शब्द उभ्या करून ठेवलेल्या गाडीला वापरतात." म्हणजे शुद्ध लिहिलं असतं तर साहेब बंद पडलेलं वाहन झाले असते. त्यापेक्षा पाकीट परवडलं.

'एन्व्हलप'मधला पहिला 'ई' आठवायचा म्हणजे चूक होत नाही, अशी युक्तीही तिने सांगितली. ती मला पत्र छापण्याआधी कळायला हवी होती. रात्री शब्दकोश उघडून बसलो, तर हे दोघे चक्क भाऊ निघाले. जुन्या काळी युरोपात पुस्तकं विकणारे बरेचसे फेरीवाले असत. त्यांच्यात जो एका ठिकाणी ठाण मांडून दुकान लावी, तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये या मंडळींचा संघ 1403 मध्ये स्थापन झाला आणि 1557 मध्ये त्याला राजाज्ञेची सनदही मिळाली. ठाण मांडणाऱ्याचं नाव त्याच्या मालाला चिकटलं. तेव्हा साहेब अविचलही होते आणि पाकीटही होते, दोन्ही एकाच मुळातून. हा खुलासा मी मुलीला ऐकवला. तिने पत्राची पुढची ओळ वाचायला घेतली.

ती ओळ होती 'कॉम्प्लिमेंट'ची. मधे 'आय' असला तर प्रशंसा, 'ई' असला तर पूरक असणं. 'आम्हाला तुमची प्रशंसा करावीशी वाटते' असं लिहायला गेलो आणि 'आम्हाला तुम्हाला पूर्णत्व द्यायचं आहे' असं लिहून बसलो. हे वाक्य मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोला कधी म्हणालो नव्हतो. बायको शेजारीच बसली होती. तिने ते लक्षात आणून दिलं.

त्यानंतर मुलीने वेग घेतला. साहेब 'एमिनंट', म्हणजे नामवंत, व्हायचे होते. ते 'इमिनंट' झाले होते. हा शब्द वादळ, पूर, दिवाळखोरी असल्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असतो. साहेबांच्या कल्पक उपायांना 'इंजीनियस' म्हणायचं होतं. आयच्या जागी यू बसला आणि झालं 'इंजेन्युअस', म्हणजे भाबडे. खरं सांगायचं तर त्यांचे काही उपाय आठवले आणि हा शब्द चुकून अचूक बसल्यासारखा वाटला. पण ते मी बोललो नाही.

माझ्या मते दोष माझ्या कानाचा आहे. मी इंग्रजी देवनागरीत ऐकतो. डोक्यात 'लूज' एवढंच उमटतं. त्यातलं सैल कुठलं आणि हरवणं कुठलं ते बोटांनी आयत्या वेळी ठरवायचं. त्यातल्या त्यात हा शब्द प्रामाणिक. हरवण्याच्या 'लूज'मधून एक 'ओ' खरोखर हरवलेला आहे. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'ला तेवढीही लाज नाही. ए-वालं क्रियापद, ई-वालं नाम, असं घोकून पाठ केलं, तर ई-वालं क्रियापद म्हणूनही येतं (घडवून आणणे), आणि ए-वालं मानसशास्त्रात नाम होऊन बसलेलं आहे. नियम पाठ करणाऱ्याचीच फजिती व्हावी, अशीच ही व्यवस्था आहे.

आणि 'इन' लागलं की अर्थ उलटतो, या शाळेतल्या नियमाने तर मला जिवावरच्या धोक्यात ठेवलं होतं. टँकरवर 'इनफ्लेमेबल' लिहिलेलं दिसलं की मी निर्धास्त होत असे, हा पेट घेत नाही म्हणून. प्रत्यक्षात 'फ्लेमेबल' आणि 'इनफ्लेमेबल' दोन्ही ज्वालाग्राही. ते 'इन' नकाराचं नाहीच, पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेलं आहे. माझ्यासारख्यांचा घोटाळा होऊन स्फोट होऊ नयेत, म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबल'च वापरा असा आग्रह धरला. पूर्वी यावरून मी इंग्रजांना हसलो असतो. पण आपल्याकडे घोर म्हणजे भयंकर, आणि अघोर म्हणजे त्याहून भयंकर. म्हणून गप्प बसलो.

पत्रात आता एकच शब्द उरला होता, 'डिसइंटरेस्टेड'. तो मी शब्दकोश पाहून घातला होता. भांडणं सोडवताना साहेब स्वतःचा स्वार्थ मधे आणत नसत, ते निःपक्ष असत, त्यासाठी नेमका हाच शब्द. मुलीनेही मान डोलावली. अख्ख्या पानात एक तरी बरोबर निघाला, या समाधानात मी झोपलो.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन.

"पत्र सुंदर लिहिलंत हो. भिंतीवर लावलंय. फक्त एक शब्द मनाला लागला."

मी डोळे मिटले. पाकीट की पूर?

"माझा कामातला रस संपला होता, असं तुम्हाला वाटायचं?"

टाचण्या, वादळ, भाबडेपणा, पूर्णत्व, सगळं साहेबांनी आनंदाने स्वीकारलं होतं. लागला तो एकमेव बरोबर शब्द. रस नसलेला म्हणजे 'अनइंटरेस्टेड', हा वेगळा, असं समजावू लागलो. ते म्हणाले, शब्दकोश दाखवा. दाखवायला म्हणून मी तो पुन्हा उघडला आणि तो फितूर झाला. 'डिसइंटरेस्टेड'चा 'रस नसलेला' हा अर्थही तिथे खाली नोंदवलेला होता. वर अशीही माहिती होती की 'अनइंटरेस्टेड' पूर्वी निःपक्ष याच अर्थाने वापरत. म्हणजे दोघांनी मधल्या काळात कपडे बदलले होते आणि ते मला कोणी कळवलं नव्हतं.

मग ठरवलं की माफी मायबोलीतच मागायची. छोटा संदेश टंकला: 'साहेब, आपल्या निवृत्तीच्या दीनी माझ्या शब्दाने आपण दुखावलात, क्षमस्व.' नीट वाचून पाहिला. लाल रेघ नव्हती. पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'दिन ऱ्हस्व. दीन मी अजून झालेलो नाही, पेन्शन सुरू आहे.'