नव्या हेडफोनचा दर्जा घसरला आहे, हे कसे सिद्ध करावे

नवे मॉडेल हाती येण्यापूर्वीच त्याचे भाग जुन्यापेक्षा हलक्या प्रतीचे आहेत, असे मत बनवून ठेवावे. मत तयार असले की पुरावे शोधण्यात वेळ जात नाही. पणजीच्या अठरा जून रस्त्यावरील दुकानात खोका उघडताच हेडफोन तळहातावर तोलावा, मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ पारखतात तसा कानाशी धरून हलवावा, आणि आतून काही वाजले नाही तर ‘आत काही घातलेलेच नाही’ असे दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे.

वजनाचा मुद्दा तर सोडूच नये. सोनीच्या एक्सएम४ चे वजन २५४ ग्रॅम होते, २०२२ मध्ये आलेल्या एक्सएम५ चे २५० ग्रॅम. हे चार ग्रॅम कोणी खाल्ले, याचा जाब मागावा. त्या मॉडेलातून घडी घालण्याची सोयच काढून टाकली होती, ही तक्रार मात्र करू नये, कारण ती कोणालाही डोळ्यांनी दिसते आणि मग आपल्यासारख्या जाणकाराची गरज उरत नाही. २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडीही परत आली आणि २५४ ग्रॅमही, तेव्हा चोरी कबूल झाली असे समजावे.

एक्सएम५ मध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाचा, व्यास ४० मिलिमीटरवरून ३० वर आला, हे तर आयते कोलीतच. क्षेत्रफळ काढले तर जवळजवळ ४४ टक्के पडदा नाहीसा झालेला दिसतो आणि हा आकडा चारचौघांत फार शोभून दिसतो. पडदा किती हलका व ताठ आहे, चुंबक किती जोरकस आहे, मागच्या पोकळीतली हवा कशी आवरली आहे, असले कोणी सांगू लागल्यास त्याला एवढेच विचारावे की मोठे चांगले की लहान? खोक्यावर छापलेल्या ४०,००० हर्ट्‌झची परीक्षा केरीच्या केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर घ्यावी. माणसाचा कान २०,००० च्या पुढे जात नाही आणि त्या तबकडीत तेवढे उंच काही कोरलेलेही नाही. तरीही वरचे स्वर हरवल्याची खंत चेहऱ्यावर दिसली पाहिजे.

प्रत्यक्ष तुलनेची वेळ आलीच, तर जुन्या हेडफोनच्या दबलेल्या, चिरा पडलेल्या गाद्या चुकूनही बदलू नयेत. गादी कानाभोवती नीट बसली नाही की खर्ज निसटतो, आणि तो निसटलेला आवाज इतकी वर्षे ऐकून आपल्याला तोच अस्सल वाटू लागलेला असतो. गोव्याच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचे नकली चामडे ओल शोषून सुटू लागते आणि त्याचे काळे पापुद्रे कानांच्या पाळ्यांना चिकटतात. हे जुन्याच्या बाबतीत घडले तर पावसाळ्याचा दोष मानावा, नव्याच्या बाबतीत घडले तर कंपनीचा. आवाजाची पातळीही दोन्हींची सारखी करू नये. किंचित मोठे वाजते तेच कानाला सरस भासते, म्हणून जुन्याचा आवाज एक घर वर ठेवलेला बरा.

चवथीला आलेला एखादा भाचा डोळे बांधून, पातळी जुळवून ऐकण्याचा हट्ट धरील. त्याला आरतीची वेळ झाल्याचे सांगावे. तरीही त्याने ऐकायला लावले आणि आपण प्रत्येक वेळी नव्याकडेच बोट दाखवले, तर आरतीतल्या घुमट या वाद्याच्या नादाने कान बधिर झाले होते म्हणून निकाल रद्द ठरवावा आणि त्याला नेवऱ्या वाढाव्यात.