प्रतिक्रियेला उत्तर : आरामखुर्ची आणि वडिलांची वही

‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने लिहिणारे वाचक,

पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस, म्हणजे स्टासी, आणि त्यांनी घराघरांत पेरलेला संशय या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. स्टासीच्या फायली १९९० मध्ये नागरिकांना खुल्या झाल्या असे मी लिहिले होते, ते चुकले. १५ जानेवारी १९९० रोजी जमाव बर्लिनमधील मुख्यालयात शिरला, फायली खुल्या करणारा कायदा डिसेंबर १९९१ च्या अखेरीस लागू झाला आणि लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या त्या जानेवारी १९९२ पासून. चूक दाखवल्याबद्दल ऋणी आहे. मात्र एका सालावरून ‘लेखकाचा अभ्यास किती ते दिसलेच’ हा शेरा मारण्याची गरज होती का, याचा विचार आपणच करावा.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळतो. ‘आरामखुर्चीत बसून परक्यांच्या जखमा मोजणाऱ्यांनी हुकूमशाहीवर लिहू नये.’ मतभेदाचे मला वावडे नाही, पण समोरच्याची खुर्ची कोणती आहे हे न विचारताच ती आरामाची ठरवून टाकणे हा मतभेद नव्हे, ही आगाऊ हेटाळणी आहे. मी घरातली गोष्ट लेखात आणली नव्हती, कारण तिथे ती अप्रस्तुत होती. आपण ती सांगायला भाग पाडत आहात.

आणीबाणीत माझ्या वडिलांना मिसा या खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली स्थानबद्ध केले तेव्हा मी ९ वर्षांचा होतो. २१ महिन्यांच्या आणीबाणीची ४० वर्षांच्या पूर्व जर्मनीशी मी बरोबरी करीत नाही (आपण तसा आरोप करालच, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो). वडिलांना कोणी मारहाण केली नाही, ते धडधाकट परत आले, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्त्यांची जुनी वही पाण्याच्या बंबात घातली. नंतर त्यांनी जी नवी वही केली तिच्यात एकही पूर्ण नाव नव्हते. ‘उंच’, ‘दोन मुली’, ‘पायरीवरचे’ अशा खुणा असत, आणि पुढच्या फोन क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे लिहिलेले असत. सरकार बदलले, मिसा रद्द झाला, ज्यांच्याबरोबर ते कोठडीत होते त्यांतले काही जण पुढे निवडूनही आले; वही मात्र तशीच राहिली. वडील गेले त्या सकाळी मी आणि आई फोनजवळ बसलो, तेव्हा आकडे उलटे आहेत एवढे आईला माहीत होते, पण ‘उंच’ म्हणजे कोण हे तिलाही ठाऊक नव्हते. अनोळखी माणसाला फोन करून ‘आपण उंच आहात का’ असे विचारणार कसे? निम्म्याहून अधिक मित्रांना त्यांच्या मृत्यूची बातमी आम्ही कळवूच शकलो नाही. त्या खुर्चीला आपण काय नाव द्याल?

(वडिलांनी नावे लपवली ती भीतीपोटी. आपण आपले का लपवता, हे मी विचारत नाही.)

फायली उघडल्यामुळेच जर्मनीत घरे मोडली, घाण पुरलेलीच बरी असते, असेही आपण म्हटले आहे. वेरा लेंग्सफेल्ड यांचे उदाहरण लेखात होतेच. १९८८ मध्ये तुरुंगात गेलेल्या या कार्यकर्तीला फायलींतून कळले की ‘डोनाल्ड’ या सांकेतिक नावाने आपल्याविरुद्ध खबरा देणारा माणूस आपलाच नवरा आहे. त्यांचा संसार मोडला, हे खरे. पण तो कागदाने मोडला, असे म्हणणे म्हणजे ताप थर्मामीटरमुळे आला असे म्हणण्यासारखे आहे. स्टासीच्या १९७६ च्या लेखी सूचनांमध्येच माणसाची बदनामी कशी करावी आणि त्याच्या आसपासच्या लोकांत परस्परांविषयी अविश्वास कसा निर्माण करावा हे सांगितलेले आहे. १९८९ साली दीड लाखाहून अधिक खबरे होते, ते याच कामासाठी.

आमच्याकडे उघडायला फाईलच नव्हती. वडील ज्या घरात लपले होते ते घर एका धाकट्या काकांनाच माहीत होते, आणि तिथेच पोलीस पोहोचले, एवढीच वडिलांपाशी माहिती होती. त्यांनी काकांना कधी विचारले नाही. काका दर दिवाळीला येत, वडील त्यांच्याशी पाऊसपाण्यावर बोलत, आई फराळाचे ताट पुढे करी, आणि ते गेले की घरात कोणी त्यांचे नाव घेत नसे. काकांनी काही केले होते की नाही हे मला आजही माहीत नाही. ते निर्दोष असतील तर त्यांना मिळालेल्या वागणुकीला क्षमा नाही. पुरलेले बरे असते, हे मला आपण शिकवू नये.

पाळणाघरे आणि नोकरीची हमी पूर्व जर्मनीत होती, हा आपला मुद्दा कोणी नाकारलेला नाही. लेखाचा विषय तो नव्हता. पश्चिम जर्मनीविषयीच्या टिप्पणीला उत्तर देण्यासारखे मला काही आढळले नाही.

मूळ लेखात साल दुरुस्त केले आहे. बाकी मजकूर आहे तसा ठेवला आहे, आणि आपली प्रतिक्रियाही, ‘आरामखुर्ची’सकट.