घोरणं थांबलं की जाग येते

मी घोरत नाही. लग्न झाल्यापासून हे मी ठामपणे सांगत आलोय. या बाबतीत माझ्याइतका कुचकामी साक्षीदार दुसरा नाही, कारण दर वेळी मी घटनास्थळी हजर असतो, पण झोपलेला.

बायकोची तक्रार घोरण्याची नव्हतीच. त्या आवाजात झोपायला ती केव्हाच शिकली होती. "अहो, तुमचं घोरणं थांबलं की मला जाग येते," ती म्हणाली. मला वाटलं, काय हे प्रेम! तिने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. आधी रीतसर घर्रर्र, मग एकदम चिडीचूप. ती बोटांवर मोजू लागली. अकरा, बारा, तेरा... ऐकता ऐकता मीच श्वास रोखून धरला. बाविसाव्याला, बुडणाऱ्याने पाण्याबाहेर डोकं काढावं तसा "ख्खॉक्!" आणि पुन्हा घर्रर्र. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि दहा सेकंद श्वास अडला तरी डॉक्टर तो हिशेबात धरतात, हे नंतर कळलं.

बाकीच्या लक्षणांचा निकाल मी परस्पर लावला होता. सकाळी डोकं जड, दोष उशीचा. घशाला कोरड, दोष पंख्याचा. रात्री तीनदा बाथरूम, वय झालं. बीपी वाढलं, ऑफिस. चिडचिड? ती तर घरच्यांमुळेच. मीटिंगमध्ये मान पडायची, त्याला मी चिंतन म्हणायचो. एकदा चिंतनात मान होकारार्थी हलली आणि एक जादा काम गळ्यात पडलं. पण सिग्नलला स्टिअरिंगवर डोळा लागला आणि मागच्यांच्या हॉर्नने जाग आली, त्या दिवशी मात्र तंतरली.

डॉक्टरांनी आधी गळ्याला टेप लावली. शर्ट शिवणार की काय? ४३ सेंटीमीटर. ४० च्या वरचा गळा संशयितांत जमा. मग आठ प्रश्नांचा कागद: वाचताना, टीव्हीपुढे, गाडीत वगैरे डुलकी लागण्याची शक्यता किती, ० ते ३. माझी बेरीज ६. बायकोने पेन ओढून घेतलं, बेरीज १७. दहाच्या पुढे गेलं की तपासायला हवं. 'कोणाशी बोलत बसलेले असताना' यापुढचं माझं शून्य तिने खोडलं. "मी बोलत असताना धरून लिहा."

स्लीप स्टडीच्या रात्री डोक्याला वायरी, नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. वर सूचना: "नेहमीसारखे झोपा." झोपलो! रिपोर्ट आला: तासाला ३४ वेळा श्वासाची अडवणूक. तिशीच्या वर म्हणजे तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो. म्हणजे आठ तास झोपतो म्हणून मी मिरवत होतो, आणि तो बिचारा रात्रभर गस्त घालत होता.

आता नाकावर मास्क असतो. मशीन हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. पहिल्याच रात्री तीन वाजता बायकोने मला गदागदा हलवलं.

"काय झालं?"

"काही नाही. आवाज येत नव्हता, म्हणून बघितलं."