मुंब्र्याच्या कड्यातल्या मेखा विसरू नका
इथल्या क्लायंबिंगवरचा तुमचा लेख आवडला, पण '२०१६ ला नवी मुंबईत क्लायंबिंगचा वर्ल्ड कप झाला आणि इथे क्लायंबिंग सुरू झालं' हे अजिबात पटलं नाही. अहो, मुंबईचा गिरिविहार हा गिर्यारोहण क्लब १९५४ पासून आहे! मी कळव्याचा, कॉलेजात असताना दर रविवारी मुंब्र्याच्या कड्यावर जायचो, तिथे एका भेगेत गंजलेली मेख (दोर अडकवायला खडकात ठोकतात ती लोखंडी खिळी) होती, डोकं ठोकून ठोकून पार चपटं झालेलं, आमचे सीनियर म्हणायचे तिला हात लावू नका, वजन तर अजिबात टाकू नका, पण ती काढायचीही नाही, कारण आपल्या आधी इथून कोणीतरी चढून गेलंय. कोणी ठोकली, कधी, कुठेच लिहिलेलं नाही.

जुन्या क्लायंबर्सच्या घरी माळ्यावर रूटचे (कड्यावरच्या चढाईच्या वाटांचे) कागद, फोटो पडून आहेत, ते आत्ताच स्कॅन करून घ्या. ती माणसं आता सत्तरीत आहेत हो.