अतिशहाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर

सात मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला साधा २एन३९०४ ट्रान्झिस्टर पुरतो. ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास त्याचा गेन (सिग्नल वाढवायची ताकद) एकवर येतो आणि तो निमूट थांबतो. पण डबीत बीएफआर९१ दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. पाच गिगाहर्ट्झचा गडी! सातसाठी असा मिळाला तर सोन्याहून पिवळं, असं कुणालाही वाटेल.

गंमत अशी, की आपण त्याला सातचं काम दिलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ५०० मेगाहर्ट्झलाही त्याच्याकडे दहाच्या आसपास करंट गेन शिल्लक, आणि हाताला काम नाही. एक इंचाची वायर माझ्या लेखी वायर. त्याच्या लेखी, मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री या हिशेबानं, ती २५ नॅनोहेन्रीची कॉइल. सातवर तिचा रिअ‍ॅक्टन्स (सिग्नलला होणारा विरोध) जेमतेम एक ओहम, ५०० वर जवळपास ८०. दोन पायांमधला चिमूटभर कपॅसिटन्स आहेच. झाला ऑसिलेटर, स्वतःहूनच सिग्नल काढणारा! (मुद्दाम बांधायला घेतलेला मात्र ढिम्म बसतो.)

बरं, चोर दिसतही नाही. माझ्या २० मेगाहर्ट्झपर्यंतच पाहणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ, पोटातलं पाणी हललेलं नाही. पण कलेक्टर या पायातला करंट हिशेबाशी जुळत नाही, आणि हात नुसता जवळ नेला तरी मीटरचा काटा दचकतो. प्रोब लावला की सर्किट गप्प, काढला की सुरू. पाहुण्यांपुरतं शहाणं होणारं पोरच. बेस या पायावर बोट टेकवलं तर रिसीव्हर झकास वाजतो. बोट सोल्डर करता येत नाही, हीच काय ती अडचण.

मग औषधपाणी. बेसच्या पायाला अगदी चिकटून २२ ओहमचा रेझिस्टर. कलेक्टरच्या पायात फेराइट बीड, म्हणजे चुंबकीय मणी. सातवर तो जवळजवळ नसल्यासारखा, पण शेकडो मेगाहर्ट्झवरची मस्ती उष्णता करून जिरवतो. तिसऱ्या पायाला, एमिटरला, बायपास न केलेले (वळसा द्यायला कपॅसिटर न जोडलेले) १० ओहम. गेन थोडा जातो, जाऊ दे. नको तिथेच तो उतू जात होता. पाय छाटायचे, खाली अखंड तांब्याचा बोर्ड. बायपास कपॅसिटरचेही पाय छाटायचे, नाहीतर ५०० वर तोही कॉइल बनून शत्रूला सामील.

एवढं झाल्यावर तो खरोखर शांत झाला. मी खुशीत पत्र्याच्या डबीचं झाकण लावलं, आणि आउटपुट झाकणावरून वळसा घालून इनपुटला भेटायला गेलं. आता मधे पत्र्याची भिंत घालायची आहे. तोवर रिसीव्हर उघडाच वाजतो.